स्टेंटनंतर नोनी ज्यूस, लसूण कॅप्सूल, अर्जुन: काय चालेल?

सांगेकर: बाबा 68 वर्षांचे, गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय, पंपिंग (हृदयाची रक्त ढकलायची ताकद) 35 टक्के. चालू गोळ्या: ॲस्पिरिन 75, क्लोपिडोग्रेल 75, ॲटोरव्हास्टॅटिन 40, रॅमिप्रिल 5, स्पिरोनोलॅक्टोन 25. शेजारच्या काकांनी नोनी ज्यूस आणून दिलाय. शिवाय लसणाच्या कॅप्सूल आणि अर्जुनसालीचं दूध. यातलं काय बंद करू?

औषधखिडकी: आधी नोनी. रॅमिप्रिल आणि स्पिरोनोलॅक्टोन दोन्ही पोटॅशियम शरीरात अडवून ठेवतात, आणि नोनीच्या रसात ते संत्र्याच्या रसाइतकं असू शकतं. रक्तातलं पोटॅशियम 5.5 च्या वर गेलं की ठोके बिघडायची भीती, आणि तोवर रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. या आठवड्यातच पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या. घरात ‘लो सोडियम’ मीठ येतं का तेही बघा, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. आडसराचं (शहाळ्याचं) पाणीही रोज नको.

लसूण आमटीत, फोडणीत खुशाल. कॅप्सूल नको: दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर तिसरा भार. शी डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दात काढायचा म्हणून क्लोपिडोग्रेल मात्र आपल्या मनाने थांबवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होते.

वैद्य_फोंडा: अर्जुनाला माझी सरसकट ना नाही, पण हृदयरोगतज्ज्ञांना सांगूनच. क्षीरपाकाचं माप 1:8:32, म्हणजे 5 ग्रॅम भरड, 40 मिली दूध, 160 मिली पाणी. मंद आचेवर दूध उरेपर्यंत आटवून गाळायचं. बीपी आणखी उतरू शकतं, म्हणून उभं राहिल्यावर चक्कर येते का ते पाहा, बसून आणि उभ्याने बीपी मोजा. खरी अडचण तयार ‘हृदय’ चूर्णांची. लेबलवर यष्टिमधु असेल तर परत ठेवा: ज्येष्ठमधाने अंगात पाणी साचतं, बीपी चढतं. 35 टक्के पंपिंगला ते झेपत नाही.

म्हापशेकर: आमच्याकडे हृदयाची झडप बदललेली आई असिट्रॉमवर (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आहे. तांबडी भाजी बंद करायची का?

औषधखिडकी: बंद नको, प्रमाण सारखं ठेवा. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के असिट्रॉमच्या उलट काम करतं. चतुर्थीच्या आठवड्यात रोज भाजी आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं झालं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीचा आकडा) आधी खाली, मग वर. आहारात मोठा बदल झाला किंवा कुठलाही काढा सुरू केला तर आठवड्याच्या आत आयएनआर करा. हळदीच्या कॅप्सूलही तिला नकोत.