रिगली फील्डचे गच्चीवाले: अन्याय झाला की आयतं बंद झालं?

लेकव्ह्यूकर

परवा एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. श्रीखंड वाढेपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग कुणीतरी शिकागो कब्स या बेसबॉल संघाने आपल्या मैदानासमोरच्या, गच्चीवरून सामन्याची तिकिटं विकणाऱ्या गच्चीवाल्यावर पुन्हा दावा ठोकल्याचा (२०२४) विषय काढला आणि पानं वाळेपर्यंत भांडण झालं. तेच इथे मांडतो.

बेसबॉलशी संबंध नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. रिगली फील्ड हे शिकागोच्या उत्तर भागातलं १९१४ सालचं मैदान. कब्स १९१६ पासून तिथे खेळतात. अमेरिकेतल्या बहुतेक स्टेडियमांभोवती पार्किंगचं माळरान असतं, तसं इथे नाही. क्लार्क, ॲडिसन, वेव्हलँड आणि शेफील्ड असे चार रस्ते, आणि रस्ता ओलांडला की थेट लोकांची घरं. वेव्हलँड नि शेफील्डकडच्या तीनमजली विटांच्या इमारतींच्या गच्चीवरून मैदान दिसतं. पूर्वी घरमालक आणि भाडेकरू घडीच्या खुर्च्या, कोळशाची शेगडी नि बिअर घेऊन वर बसायचे. कुणाचं काही जात नव्हतं.

पुढे त्याचा धंदा झाला. गच्च्यांवर लोखंडी पायऱ्यांचे स्टँड चढले, खाली बार आला, कंपन्यांच्या पार्ट्या सुरू झाल्या. १९९८ मध्ये शहराने त्यांना रीतसर परवाने दिले. २००२ च्या अखेरीस कब्स कोर्टात गेले: आमचा खेळ तुम्ही विकताय. २००४ मध्ये तडजोड झाली. गच्चीवाल्यांनी एकूण उत्पन्नाचे १७ टक्के कब्सला द्यायचे, २०२३ संपेपर्यंत.

२००९ मध्ये रिकेट्स कुटुंबाने संघ घेतला. २०१३ मध्ये त्यांनी मैदानाच्या नूतनीकरणाचा आराखडा आणला, त्यात आउटफील्डच्या (मैदानाच्या लांबच्या भागाच्या) मागे व्हिडिओ फलक आणि जाहिराती होत्या. गच्चीवाले म्हणाले, आमचं दृश्य झाकलं जाईल. २०१४ मध्ये शहराच्या वारसा आयोगाने मंजुरी दिली, २०१५ च्या हंगामात फलक उभे राहिले. गच्चीवाले शहराविरुद्धही कोर्टात गेले आणि संघाविरुद्धही. फळ मिळालं नाही.

माझं मत सरळ आहे. लग्न एकाच्या घरचं, आणि ते बघायचं तिकीट शेजारी स्वतःच्या गच्चीवर विकतो. यजमानाने मांडवाला कनात लावली तर शेजाऱ्याने अन्याय म्हणून बोंब मारायची? मी त्या भागात पाच वर्षं भाड्याने राहिलो आहे. बातम्यांमध्ये ज्यांना ‘शेजारी’ म्हणायचे ते शेजारी नव्हते, समोरचे दुकानदार होते.

आडवा_बाण

मांडवाचं उदाहरण झकास, पण अर्धंच. यजमानाने त्या शेजाऱ्याकडून शंभरातले सतरा रुपये घ्यायला सुरुवात केली की तो भागीदार होतो. वीस वर्षांचा करार, त्यातली दहा झाली असताना कनात? आणि कनात लावून झाल्यावर त्याच शेजाऱ्यांची घरं एकेक करून विकत कोणी घेतली, तेही सांगा की. रिकेट्स मंडळींनीच. आज त्यातल्या बऱ्याचशा गच्च्या त्यांच्याच आहेत. म्हणजे गच्चीवरून खेळ विकणं वाईट नव्हतं, ते दुसऱ्याने विकणं वाईट होतं.

पिंट्या_शॉमबर्ग

मैदान १९१४ चं. हे सगळे नंतर आले. विमानतळाशेजारी घर घ्यायचं आणि आवाज येतो म्हणून रडायचं. विषय संपला.

वकीणबाई

@आडवा_बाण, करार वाचला तर तुमचा मुद्दा टिकत नाही. त्यात एक ओळ होती: शासकीय यंत्रणेने मंजूर केलेला मैदानाचा कोणताही विस्तार हा कराराचा भंग समजला जाणार नाही. गच्चीवाल्यांचं म्हणणं, विस्तार म्हणजे जादा खुर्च्या, टीव्हीचा फलक नव्हे. कोर्टाने ते मानलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फेडरल कोर्टाने दावा फेटाळला, सप्टेंबर २०१७ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो निकाल कायम केला.

गच्चीवाल्यांचा कब्सवरचा मक्तेदारीचा आरोप तर मुळातच लंगडा होता, कारण बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. १९२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून. बाकी कुठल्याच खेळाला ही इतकी ऐसपैस सूट नाही. ती का आहे हे विचारू नका, आम्हा वकिलांनाही ते धड सांगता येत नाही.

माझ्याकडे भाडेकराराचे कागद घेऊन लोक येतात तेव्हा मी पहिल्यांदा ‘परंतु’ आणि ‘तथापि’ शोधते. गच्चीवाल्यांच्या वकिलाने २००४ मध्ये ‘विस्तार’ या शब्दाची व्याख्या लिहून घेतली असती तर हा धागा निघाला नसता.

आडवा_बाण

कायद्यात जिंकले, मान्य. पण ती ‘शासकीय मंजुरी’ मिळाली कशी? मार्च २०१३ मध्ये ओ’हेअर विमानतळाजवळच्या रोझमाँट गावाने ‘आमच्याकडे या, पंचवीस एकर जमीन फुकट देतो’ असं कब्सला सांगितलं. मे महिन्यात टॉम रिकेट्स भर सभेत म्हणाले की फलक लावू दिले नाहीत तर मैदान सोडायचा विचार करावा लागेल. आता मला सांगा, कुठल्या महापौराची हिंमत आहे की कब्स आपल्या काळात शिकागोबाहेर गेले असं नाव लावून घेईल? मंजुरी मागितली नाही, गळ्याला हात घालून घेतली.

सिव्हिलवाला

मला दोन्ही बाजूंशी कर्तव्य नाही, पण काँक्रीटचं कुणीच बोलत नाहीये.

२००४ च्या उन्हाळ्यात वरच्या डेकवरून काँक्रीटचे तुकडे खाली प्रेक्षकांत पडले. मग खाली जाळ्या बांधल्या. आपल्याकडे जुन्या चाळीच्या सज्जाखाली बांबू नि ताडपत्री लावतात ना, त्यातलाच प्रकार. पोलाद गंजलेलं, पाइप कुजलेले. आणि खेळाडूंची खोली तर एवढीशी की पाहुण्या संघाचे लोक तिची टिंगल करायचे.

आता हे दुरुस्त करायला पैसा कुठून? रिकेट्सनी आधी सरकारी पैसा मागून पाहिला, करमणूक करातून. मिळाला नाही. मग म्हणाले, स्वतःच्या खिशातून करतो, पण मग जाहिरातीचे फलक लावू द्या. हिशोब इतका साधा आहे. त्या फलकांच्या पैशातून पोलाद बदललं गेलं. अमेरिकेत शहरागणिक करदात्यांच्या पैशातून स्टेडियमं उठतात आणि तीस वर्षांत पाडतात. इथे एक शंभर वर्षांचं मैदान मालकाने स्वतःच्या पैशाने पाडायच्याऐवजी वाचवलं. त्याबद्दल थोडं तरी कौतुक करा.

वारसा यादीमुळे भिंतीवरची वेल, जुना धावफलक, दारावरची लाल पाटी यांना धक्का लावता येत नव्हता. अशा कामात नवं बांधण्यापेक्षा जुन्याला न दुखावता खालून बदलणं जास्त अवघड असतं. आणि ते हिवाळ्यातच करायचं, कारण एप्रिलला सामना.

शेफाली_शि

@सिव्हिलवाला, एप्रिलचं नाव काढलंत म्हणून. ५ एप्रिल २०१५ ला हंगामाचा पहिला सामना, राष्ट्रीय टीव्हीवर. आउटफील्डच्या मागची बाकं तयार नव्हती, आणि पुरेशी स्वच्छतागृहंही चालू नव्हती. रांगा इतक्या लागल्या की लोकांनी बिअरच्या रिकाम्या ग्लासांचा उपयोग केला. फलक मात्र वेळेत तयार होता, जवळजवळ चार हजार चौरस फुटांचा. आधी काय उरकलं आणि मागे काय राहिलं ते बघा, म्हणजे नूतनीकरण कोणासाठी होतं ते कळतं.

आणखी एक. २०२२ मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने कब्सवर खटला भरला, की हे नूतनीकरण करताना व्हीलचेअरवाल्यांच्या जागा नियमाप्रमाणे केल्या नाहीत, समोरचे उभे राहिले की त्यांना खेळ दिसत नाही. २०२४ मध्ये तडजोड होऊन बदल करायचं ठरलं. गच्चीवाल्यांचं दृश्य गेलं याची चर्चा दहा वर्षं चालली. तिकीट काढून आत गेलेल्याचं दृश्य गेलं त्याची किती झाली?

नाना_इव्हॅन्स्टन

पिंट्याशेठ, ‘विषय संपला’ म्हणालात म्हणून लिहायला बसलो. तसा मी वाचनमात्र असतो.

मी १९७९ मध्ये आलो. मैदानाभोवतीचा लेक व्ह्यू भाग तेव्हा स्वस्तातली वस्ती होती. मैदानापासून दोन गल्ल्यांवर एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. तेव्हा रिगलीत दिवे नव्हते. बाकी सगळ्या मैदानांवर होते, इथे नव्हते. सामना दुपारी एक-दीडला सुरू, चार-साडेचारला आटोपला. घरी येईपर्यंत गर्दी पांगलेली, फुटपाथवर शेंगांची टरफलं. बस्स. तुम्ही म्हणता मैदान आधी. बरोबर. पण लोकांनी घरं घेतली ती *दुपारच्या* मैदानाशेजारी घेतली.

१९८१ मध्ये संघ ट्रिब्यून कंपनीकडे गेला आणि दिव्यांची कुजबुज सुरू झाली. वस्तीने संघटना काढली. नाव काय, तर ‘सूर्यप्रकाशातल्या बेसबॉलसाठी एकजूट नागरिक’. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की कब्स! खिडक्याखिडक्यांत पिवळ्या कागदावर ‘दिवे नकोत’. १९८२ मध्ये राज्याने आणि १९८३ मध्ये शहराने कायदा करून रात्रीचे सामने अडवले. संघ कोर्टात गेला, हरला. मग बेसबॉलवाल्यांनी सांगितलं की दिवे नसतील तर प्लेऑफचे (हंगामाअखेरच्या बाद फेरीचे) सामने दुसऱ्या गावात खेळवू. टीव्हीला संध्याकाळ हवी होती. १९८८ च्या फेब्रुवारीत शहर वाकलं, वर्षाला अठरा सामन्यांची मर्यादा घालून.

८ ऑगस्ट १९८८. आठ-आठ-अठ्ठ्याऐंशी म्हणून केवढा गाजावाजा! मी ॲडिसन स्टेशनच्या फलाटावरून पाहत होतो. दिवे लागले आणि वस्ती पांढरी फटक पडली, घरांच्या विटा दिवसा दिसत नाहीत इतक्या स्पष्ट. मग साडेतीन डावांनंतर असा काही पाऊस कोसळला की सामना रद्द. आमच्या घरमालकिणीने, ती पोलिश होती, हात जोडून वर बघितलं. अधिकृत पहिला रात्रीचा सामना दुसऱ्या दिवशी झाला, न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध. कब्स जिंकले.

त्या अठराचे शहराशी २००४ मध्ये झालेल्या वेगळ्या करारात तीसकडे गेले, २०१३ मध्ये चाळिसाच्या घरात. प्रत्येक वेळी ‘हे शेवटचं’. गच्चीवाल्यांच्या करारातली ओळ वकीणबाईंनी सांगितली, पण वस्तीकडे तर तेवढाही करार नव्हता. तिच्याकडे फक्त नगरसेवक होता.

पिंट्या_शॉमबर्ग

नाना, मुद्दा कळला. पण घराच्या किमतीही बघा. ज्याने १९७९ मध्ये तिथे घर घेतलं त्याचं आज किती झालं असेल? दिव्यांनी आणि २०१६ च्या विश्वविजेतेपदानेच ना? १९०८ नंतर पहिलं. १०८ वर्षं थांबलेल्या संघाला तुम्ही अठरा सामन्यांचा हिशोब सांगताय.

नाना_इव्हॅन्स्टन

ज्याने घेतलं त्याचं झालं. आम्ही भाड्याने होतो. किंमत वाढली म्हणूनच इव्हॅन्स्टनला आलो.

(२०१६ ला मीही रडलो, ते वेगळं.)

आडवा_बाण

नानांना दंडवत. हेच म्हणायचं होतं, मला नीट सांगता आलं नाही.

सिव्हिलवाला

अवांतर: नवा फलक झाला तरी १९३७ चा जुना धावफलक अजून हातानेच चालतो. आत माणसं असतात, लोखंडी पाट्या खिडकीतून बदलतात. कुणी कधी आत गेलं असेल तर लिहा, त्याची रचना समजून घ्यायची आहे.

वकीणबाई

मूळ प्रश्नाकडे. २०२३ च्या अखेरीस करार संपला, त्यामुळे आता जो गच्चीवाला नवा करार न करता तिकिटं विकतो त्याच्याकडे २००४ चा कागद दाखवायला नाही. म्हणजे वाद पुन्हा २००२ च्या जागी आला: गच्चीवरून दिसणारा खेळ हा कोणाच्या मालकीचा? तेव्हा तडजोड झाल्यामुळे कोर्टाने त्याचं उत्तर दिलंच नव्हतं. दिलं असतं तर संघच जिंकला असता असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही. स्वतःच्या घरातून रस्त्यापलीकडे बघणं हा गुन्हा नाही. तिकीट लावून दुसऱ्याला बघू देणं, हीच खरी गोम आहे.

लेकव्ह्यूकर

गच्चीवाल्यांबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे. पण नानांचं वाचून माझ्याच धाग्यातलं एक वाक्य मला खटकायला लागलंय. ‘ते शेजारी नव्हते’ असं मी लिहिलं, आणि जे होते त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिली नाही.

आमच्या फ्रिजवर कब्सचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. बायकोने रात्रीचे सामने लाल पेनाने गोल केले होते. स्कोअरशी तिला काही घेणं नव्हतं. त्या संध्याकाळी रस्त्यावर फक्त परवान्याच्याच गाड्या लावता येतात, पाहुणा आला तर त्याच्या गाडीसाठी चिठ्ठी काढून ठेवावी लागते. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, हे लाल गोल म्हणजे चतुर्थ्या का गं?

@सिव्हिलवाला, धावफलकाच्या आत मी गेलेलो नाही. शिडीने चढतात एवढं ऐकून आहे.