साइड इफेक्ट म्हणायचं की चूक? मावशीचं पाकीट आणि १-०-०

सिडकोकर (धागा सुरू)

मावशीला संधिवात. सकाळी बोटं इतकी आखडतात की कुकरचं झाकण लागत नाही. नाशिकमधल्याच एका डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम लिहून दिली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, हे मला आता कळलं. चिठ्ठीवर पुढे घाईत ‘सो. १’ लिहिलेलं, म्हणजे सोमवारी एक. मेडिकलवाल्याने ते ‘स. १’, म्हणजे सकाळी एक, असं वाचलं आणि खाकी पाकिटावर बॉलपेनने १-०-० टाकलं. मावशीने इमानेइतबारे रोज सकाळी एक घेतली.

नवव्या दिवशी तोंड असं आलं की वरणाचं पाणीही गिळवेना. दहाव्या दिवशी पायांवर लाल टिपके. रक्तात पांढऱ्या पेशी १,२००, प्लेटलेट २२,०००, दोन्ही फारच कमी. अकरा दिवस अॅडमिट. वाचली.

डॉक्टरांना भेटलो तर म्हणाले, “औषधाचा साइड इफेक्ट आहे, एखाद्याला होतो.” माझं भांडण या वाक्याशी आहे. नेमून दिल्याप्रमाणे घेऊन त्रास झाला असता तर साइड इफेक्ट. हा सातपट डोस होता. त्याला त्या नावाखाली झाकायचं?

ओपीडीतला

मावशी बऱ्या झाल्या हे महत्त्वाचं. मी फिजिशियन आहे, ही गोळी पेशंटना नेहमी लिहून देतो. ‘सो.’ लिहिणं चूकच, त्यात दुमत नाही. पण डोस लिहिलेला बरोबर होता. बरोबर लिहिणारा दोषी आणि चुकीचं वाचणारा सुटला, हा कुठला न्याय?

दुसरं, अशा धाग्यांनंतर काय होतं ते आम्ही बघतो. पेशंट गोळी परस्पर बंद करतात आणि वर्षाने वाकडी बोटं घेऊन येतात. वेळच्या वेळी रक्त तपासलं आणि जोडीला फॉलिक अॅसिड दिलं, तर बहुतेकांना ही गोळी वर्षानुवर्षं सोसते.

सिडकोकर

गोळीला कोण नावं ठेवतंय? ‘फक्त सोमवारी, रोज नाही’ एवढं तोंडाने सांगायला किती वेळ लागतो? मी शेजारी बसलो होतो. सांगितलं नाही. रक्त कधी तपासायचं तेही नाही.

सातपूर मेडिकल

सगळं आमच्या डोक्यावर फोडायच्या आधी एक ऐका. संध्याकाळी सात ते नऊ काउंटरवर श्वास घ्यायला फुरसत नसते. शंका आली म्हणून डॉक्टरांना फोन केला तर कंपाउंडर म्हणतो, “साहेब पेशंट बघतायत.” २०१६ पासून नियम आहे, औषधाचं नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. कोण पाळतं?

तरीही खरं सांगतो, मेथोट्रेक्सेट रोज एक असं वाचल्यावर हात थांबायलाच हवा होता. फार्मासिस्ट काउंटरवर असता तर थांबला असता. बऱ्याच दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर असतं, माणूस घरी.

पंचवटीचा पांथस्थ

मला कोणी सांगेल का, पेशंटची काहीच जबाबदारी नाही? मोबाइल घेताना दहा दुकानं फिरतो आपण. गोळी घेताना चिठ्ठी उलटूनही बघत नाही.

सिडकोकर

मावशी सातवी शिकली आहे. पाकिटावरचं १-०-० तिने वाचलं आणि तंतोतंत पाळलं. आणखी काय वाचायचं होतं?

जुना तक्रारदार

भावना बाजूला ठेवून कायद्याचं बघा. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शांता खटल्यात सांगितलं की पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. फौजदारी वेगळी. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार त्यासाठी ढळढळीत निष्काळजीपणा दिसावा लागतो. तुमच्या प्रकरणात मी पोलिसांकडे जाणार नाही. जिल्हा ग्राहक आयोगात डॉक्टर आणि दुकान दोघांनाही पार्टी करा. मुदत दोन वर्षं. हॉस्पिटलकडे कागद लेखी मागा, ७२ तासांत देणं बंधनकारक आहे.

आणि अनुराधा साहा प्रकरण वाचा. १९९८ मध्ये अंगावरच्या पुरळासाठी त्यांना डेपोमेड्रॉल ८० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहून दिलं. हे शरीरात बरेच दिवस रेंगाळणारं इंजेक्शन, ते एक-दोन आठवड्यांच्या अंतराने द्यायचं. त्या गेल्या. तिथेही घोळ दोन डोसमधल्या अंतराचाच. कोर्टाने २००९ मध्ये निष्काळजीपणा मान्य केला आणि २०१३ मध्ये जवळपास सहा कोटींची भरपाई दिली.

ओपीडीतला

साहा प्रकरणात डोसच चुकीचा लिहिला होता. इथे नाही. दोन्ही एका तागडीत तोलू नका.

जुना तक्रारदार

डोस कागदावर नसतो डॉक्टर, पेशंटच्या पोटात असतो. तुमची चिठ्ठी दुकानात वेगळी वाचली जाऊ शकते, हे तुम्हाला रोज माहीत असतं.

पंचवटीचा पांथस्थ

पंधरा वर्षं! आणि साहांचा नवरा स्वतः अमेरिकेत डॉक्टर होता म्हणून लढला. सुरगाण्याहून एसटीने आलेला माणूस लढणार का? त्याला तारखेला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची.

ओपीडीतला

हे मात्र पटलं. भरपाई मिळो न मिळो, नोंद तरी करा. १८००-१८०-३०२४ हा औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा सरकारी टोल फ्री नंबर, पेशंटही कळवू शकतो. आम्ही डॉक्टरच तो फॉर्म भरायला आळस करतो, हे कबूल.

आणि काल रविवार कारंजाजवळ एक रबरी शिक्का करायला टाकलाय: ‘आठवड्यातून एकदाच. रोज नाही.’ वार अक्षरांत पूर्ण लिहायला जागा ठेवलीय.

सातपूर मेडिकल

शाई लाल घ्या. आणि सोमवार नको, बुधवार लिहा. बुधवारचं ‘सकाळी’ कुणी वाचणार नाही.

सिडकोकर

शिक्का चांगला आहे, डॉक्टर. पण मावशीच्या डॉक्टरांनी अजून ‘चुकलं’ म्हटलेलं नाही, त्यामुळे तक्रार मी करणारच. पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय. बॉलपेनची शाई आत्ताच फिकट दिसायला लागलीय, म्हणून आज दोन्ही बाजूंचे फोटो काढले.