मदत हवी आहे: जर्मनीत होमबिल्ट (स्वतः बांधलेल्या) विमानावर केलेले पीपीएल (खासगी पायलट लायसन्स) ट्रेनिंगचे तास धरतात का?

नमस्कार मंडळी,

मी म्युनिकजवळ राहते, नोकरी सांभाळून वीकेंडला एका छोट्या क्लबात पीपीएल करतेय. क्लब डीटीओ (अधिकाऱ्यांकडे नोंद केलेली छोटी ट्रेनिंग संस्था) आहे. पहिला सोलो (एकटीने उड्डाण) झालाय, लांबची सोलो क्रॉसकंट्री (ती २७० किमीवाली) आणि थोडे ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबरचे) तास राहिलेत. अडचण अशी की ट्रेनिंगचं विमान अक्विला ए२१० हँगरमध्ये उघडं पडलंय, पुढचं काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढलेलं, रोटॅक्स इंजिनाचा गिअरबॉक्स दुरुस्तीला गेलाय आणि तो कधी येणार हे कुणीच छातीठोक सांगत नाही. इकडे उन्हाळा संपत आला, एकदा नोव्हेंबरचं धुकं बसलं की सगळे वीकेंड वाया.

क्लबातल्या एका ज्येष्ठ मेंबरचं स्वतः बांधलेलं आरव्ही-७ए आहे. विमान फार सुरेख ठेवलंय त्यांनी, आणि मनापासून म्हणाले की माझं घेऊन जा. इन्स्ट्रक्टरही तयार आहे, म्हणतो आता नियम बदललेत, होमबिल्टचे तास पूर्ण धरतात, बिनधास्त लॉगबुकात लिही.

पण मी नियम काढून वाचला तर युरोपीय नियमांतल्या डीटीओ.जेन.२४० मध्ये (एटीओ, म्हणजे मंजुरी घेतलेल्या ट्रेनिंग संस्थांसाठी ओआरए.एटीओ.१३५) वेगळंच दिसतंय. अ‍ॅनेक्स वनमधली विमानं, म्हणजे होमबिल्ट, जुनी ऐतिहासिक, मायक्रोलाइट वगैरे, ट्रेनिंगला वापरता येतात, पण आधी अधिकाऱ्यांनी तपासून सुरक्षिततेची पातळी सर्टिफाइड विमानाच्या तोडीची आहे असं ठरवायला हवं आणि मग त्या संस्थेला वापराची परवानगी द्यायला हवी. अशी परवानगी आहे का विचारलं तर क्लबात सगळे एकमेकांकडे बघतात.

तर जाणकारांनी सांगा, इन्स्ट्रक्टर म्हणतो तो नियम नक्की कुठला? परवानगी नसेल तर निदान सोलो तास तरी धरतील का? ४५ तासांतले काही ऐन टेस्टच्या वेळी बाद झाले तर पैसा आणि सीझन दोन्ही गेलं, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद १:

ताई, थांबलात ते उत्तम केलंत. तुमचा इन्स्ट्रक्टर बहुतेक एफसीएल.०३५ (पायलट लायसन्सच्या नियमांतलं कलम) बद्दल बोलतोय, पण तो लायसन्स हातात असलेल्यांसाठी आहे. एसईपी रेटिंग (एका पिस्टन इंजिनाची विमानं उडवण्याची पात्रता) दर दोन वर्षांनी रिव्हॅलिडेट, म्हणजे मुदत वाढवून घेताना शेवटच्या वर्षात जे १२ तास लागतात त्यात अ‍ॅनेक्स वनचे तास पूर्ण धरतात, एलएपीएलच्या (हलक्या विमानांच्या लायसन्सच्या) रीसन्सीतही, म्हणजे अलीकडच्या उड्डाणांच्या अटीतही, धरतात. आणि तिथेसुद्धा इन्स्ट्रक्टरबरोबरचं ट्रेनिंग फ्लाइट असेल तर विमानाला तुम्ही म्हणताय तीच परवानगी लागते. तुमचं लायसन्स अजून व्हायचंय, त्यामुळे तुमचा सोलोही ट्रेनिंगचाच भाग, त्याला वेगळी सूट नाही.

क्लबाकडे दोन कागद मागा. डीटीओला ट्रेनिंगच्या सगळ्या विमानांची रजिस्ट्रेशन नंबरसकट यादी ठेवावीच लागते, त्यात हे आरव्ही आहे का बघा, आणि लुफ्टआम्टचं (इथल्या हवाई वाहतूक अधिकाऱ्यांचं) परवानगीपत्र. तोंडी "चालतं" वर एक तासही उडू नका. अजून एक, काही आरव्हींमध्ये उजवीकडची स्टिक काढून ठेवता येते, ट्रेनिंगमध्ये दोघांच्याही हाताशी कंट्रोल कायम हवेत, तेही बघून घ्या. इन्शुरन्समध्ये ट्रेनिंग कव्हर आहे का तेपण.

मला विचाराल तर शेजारच्या क्लबातलं एखादं सर्टिफाइड सेसना १५२ किंवा पीए-२८ भाड्याने घेऊन आपल्या डीटीओच्या यादीत घालायला सांगा. क्लास तोच, एसईपी, आधीचे तास कुठे जात नाहीत. नवीन विमानाची सवय व्हायला थोडे तास जादा लागतील, पण लागले तरी ते धरले जातील.

धागाकर्ती:

खूप खूप आभार, आता क्लबात नेमकं काय विचारायचं ते कळलं. यादी आजच मागते, आणि १५२ चंही विचारते. बव्हेरियात कुणाच्या क्लबाने होमबिल्टसाठी अशी परवानगी खरंच काढली असेल तर प्लीज लिहा, किती दिवस लागले आणि कागद काय काय मागितले. काकांचं विमान रीतसर यादीत आलं तर पुढच्या स्टुडंट्सनाही सोय होईल.