मदत हवी आहे: बाग आणि पोहण्याचा तलाव व्हीलचेअरसाठी खरंच सोयीचा करायचा तर नेमकं काय मागावं?

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, त्यामुळे बाहेर पडताना व्हीलचेअर लागते. घरापासून चालत दहा मिनिटांवर बाग आहे आणि बागेला लागूनच पोहण्याचा तलाव असलेलं क्रीडासंकुल. बागेचं नुकतंच नूतनीकरण झालं. फाटकावर व्हीलचेअरचं निळं चित्र दिसलं, म्हणून मोठ्या आशेने गेलो.

फाटकातच अडलो. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून तिथे नागमोडी लोखंडी दांडे बसवलेत. चालणारा माणूस अंग चोरून वळतो, खुर्ची पहिल्याच वळणावर अडकते. शेजारच्या मोठ्या फाटकाला कुलूप. किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार बागेच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी येऊन मनापासून मदत केली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बाकीची मुलं धावत आत जात होती आणि माझी मुलगी पंधरा मिनिटं उन्हात त्यांच्याकडे बघत बसली होती.

आत रॅम्प आहे, नवा कोरा. पण इतका खडा की तिला वर ढकलताना मला दोनदा दम घ्यावा लागला. उतरताना खुर्ची उलटी फिरवून, स्वतः पाठमोरी एकेक पाऊल टाकत खाली आणली. खेळायच्या जागेत सगळी वाळू. पुढची छोटी चाकं लगेच रुतली. मग खुर्ची मागे कलती केली आणि मागच्या मोठ्या चाकांवर उलटी ओढत झोपाळ्यापर्यंत नेली. झोपाळ्याला पाठ टेकायला काही नाही, तिला तोल सांभाळता येत नाही, म्हणून मांडीवर घेऊन बसले. ती खुदूखुदू हसली. पण तिचं वजन आता सव्वीस किलो आहे. आणखी दोन वर्षांनी मला ती उचलणार नाही.

तलावात उतरायला फक्त शिडी आहे. "दोघं जण उचलून पाण्यात सोडतो," असं तिथल्या माणसाने सांगितलं. परक्या माणसांनी उचललेलं तिला आता आवडत नाही. तिने मान हलवून नाही म्हटलं, आम्ही परत आलो.

मी व्यवस्थापनाला भेटले. त्यांचं म्हणणं, "रॅम्प दिलाय ना? आणखी काय हवं ते लेखी द्या." नुसतं 'सोय करा' असं लिहिलं तर आणखी एक निळं चित्र लागेल, एवढंच होईल. म्हणून मला नेमकी मापं हवी आहेत. रॅम्पचा चढ किती असावा? फाटकाचं काय करता येईल? वाळूऐवजी काय? तलावात उतरायची काय सोय असते? ज्यांनी असा पाठपुरावा केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, मी स्वतः वीस वर्षं व्हीलचेअर वापरतोय. रॅम्पचं गणित पाठ करून ठेवा: एकास बारा. म्हणजे १५ सेंटीमीटर वर चढायला किमान १८० सेंटीमीटर लांबीचा उतार. तीन पायऱ्यांची ४५ सेंटीमीटर उंची असेल तर ५.४ मीटर. याहून खडा असेल तर मी एकट्याने चढू शकत नाही, मागून कुणीतरी ढकलावं लागतं. दोन्ही बाजूंना कठडा आणि वर-खाली खुर्ची थांबवायला सपाट जागा हवी. उतार संपतो तिथेच दार असेल तर एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने खुर्ची धरून ठेवायची अशी कसरत होते.

वाटेला ९० सेंटीमीटर मोकळी रुंदी आणि खुर्ची जागच्या जागी फिरवायला १५० सेंटीमीटर व्यासाची जागा मागा. फाटकाबद्दल त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. ज्या फटीतून व्हीलचेअर जाते, तिच्यातून दुचाकीही जातेच. त्यामुळे दांडे वाकडेतिकडे करून हा प्रश्न सुटणार नाही. दुचाक्या रोखायच्या असतील तर माणूस उभा करा आणि वाट सरळ ठेवा. किल्ली मागून आत जावं लागणं म्हणजे आपल्यासाठी बाग बंद असण्यासारखंच आहे.

प्रतिसाद:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तलावासाठी आग्रह धराच. पाणी अंगाचा भार पेलतं, त्यामुळे जमिनीवर न जमणाऱ्या हालचाली मुलं पाण्यात करून बघतात. कोमट पाण्यात स्नायूंचा ताठरपणाही सैल होतो. काठावर बसवायची लिफ्ट मिळते: खुर्चीत बसायचं, ती फिरून पाण्यावर येते आणि सावकाश खाली जाते. नवा तलाव बांधत असतील तर कठड्यासकट उतरत जाणारी वाट सर्वांत उत्तम, म्हाताऱ्या माणसांनाही तीच सोपी पडते. त्या वाटेसाठी पाण्यात चालणारी वेगळी खुर्ची लागते, रोजची नेऊ नका. लिफ्ट बसवली तर ती चालवायला शिकलेला माणूस रोज हजर असेल हेही लिहून घ्या. कव्हर घालून धूळ खात पडलेल्या लिफ्टा मी पाहिल्यात.

अमेरिकेत सॅन अँटोनियोला मॉर्गन्स वंडरलँड नावाची बाग आहे. एका वडिलांनी आपल्या मुलीसाठी विचार सुरू केला, त्यातून ती २०१० मध्ये उभी राहिली. २०१७ मध्ये तिथे पाण्याच्या खेळांची जागा झाली. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यात भिजल्या तरी चालतील अशा खुर्च्या तिथे ठेवल्यात. "असं कुठे असतं का?" असं कुणी म्हणालं तर हे दाखवा.

प्रतिसाद:

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. कृपया स्वच्छतागृह विसरू नका. सगळे रॅम्पपाशी थांबतात. त्याचे कपडे बदलायला मला त्याला ओल्या फरशीवर निजवावं लागलंय, ते मी कधी विसरणार नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासून यासाठी मोहीम चालू आहे. मोठ्या माणसाला निजवता येईल असं बाक आणि उचलायला यंत्र असलेली स्वच्छतागृहं तिथे झाली. तुमची मुलगी लहान आहे तोवरच हे मागून घ्या.

खेळाच्या जागेत वाळूऐवजी सलग ओतलेला रबरी थर हवा. पडलं तरी लागत नाही आणि चाकं रुतत नाहीत. व्हीलचेअरसकट बसायचा झोपाळा ते सुचवतील. तो जड असतो, इतरांना लागू नये म्हणून कुंपणात ठेवावा लागतो, आणि मग मूल त्यात एकटंच झुलत राहतं. त्याआधी जमिनीलगतचं, गोल फिरणारं चक्र मागा. त्यात खुर्ची सरळ आत जाते आणि बाकीची मुलं शेजारी बसतात. साध्या झोपाळ्यांपैकी एकाला तरी उंच पाठ आणि पट्टा बसवून घ्या.

प्रतिसाद:

मला दिसत नाही. पत्रात आमच्यासाठीही दोन ओळी घाला. वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटायला सांगा: पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, तोंडावर येणारी फांदी सांगत नाही. आणि पायाला, काठीला जाणवणाऱ्या उठावाच्या फरश्या नीट अर्थ लावून बसवायला सांगा. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे सावध. जपानमध्ये सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसल्या. आमच्या बागेत शोभेसाठी बसवल्यात, त्यांच्यामागून गेलो तर थेट बाकावर आपटतो.

पत्राच्या सुरुवातीला अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्र कराराचं ३० वं कलम लिहा. करार २००६ चा आहे. अपंग मुलांना खेळात आणि करमणुकीत इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता आला पाहिजे, असं त्यात म्हटलंय. म्हणजे आपण उपकार मागत नाही आहोत, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. स्वच्छतागृह आणि फांद्या माझ्या डोक्यातही नव्हत्या. काल टेप घेऊन पुन्हा गेलो. टेपचं एक टोक लेकीने धरलं होतं आणि प्रत्येक आकडा ती मोठ्याने वाचत होती. रॅम्पची उंची ६० सेंटीमीटर, लांबी जेमतेम ३ मीटर. म्हणजे एकास पाच. हवा होता ७.२ मीटर. स्वच्छतागृहाचं दार ६४ सेंटीमीटर आणि आमची खुर्चीच ६२, म्हणजे हातांना जागाच उरत नाही.

शेवटी तिला विचारलं, पत्रात आधी काय लिहू? मला वाटलं झोपाळा म्हणेल. ती म्हणाली, फाटक. म्हणून पहिला मुद्दा फाटकाचाच घेतेय. मसुदा उद्या इथे टाकते. मापांत कुठे चूक असेल तर द्यायच्या आधी सांगा.