बुरशी कायमची गेली म्हणे! जरा दमानं घ्या

खुंटावरचा डोळा

परवा एकाने पोस्ट टाकली होती, थोडक्यात अशी: फळझाडात रोगप्रतिकारक जीन घातला की विषय कायमचा संपला, फवारणीचे पंप भंगारात काढा, आणि विरोध करणारे सगळे अडाणी. खाली टाळ्यांचा पाऊस. मी जीएमच्या, म्हणजे लॅबमध्ये जीन बदललेल्या झाडांच्या, विरोधात नाही हे आधीच सांगतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात मला अडाण्यांच्या रांगेत बसवाल. माझं डोकं फिरलं ते "कायमचा" या शब्दावर.

सफरचंदाचा स्कॅब घ्या, पानाफळांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग. मालुस फ्लोरिबुंडा या जंगली जातीतला प्रतिकारक जीन, तेव्हाचं नाव व्हीएफ, साध्या संकरातून आणायला अर्धं शतक गेलं. प्रिमा ही त्यातली पहिली जात 1970 ला आली. सगळे खूश. आणि नव्वदच्या दशकात युरोपात त्या जीनला भीक न घालणारी बुरशी हजर. आता तोच जीन लॅबमध्ये वेगळा काढून गाला या सफरचंदाच्या जातीत घातला म्हणून काय झालं, बुरशी काय विचारायला येते का की बाबा तू संकरातून आलास की लॅबमधून? वर गहू असेल तर पुढच्या वर्षी बियाणं बदलता येतं, बाग वीस-वीस वर्षं जागची हलत नाही आणि तेवढ्यात बुरशीच्या किती पिढ्या होऊन जातात मोजा.

निमूटपणे वाचणारा

आज निमूट बसवत नाही. अहो, तुम्ही एका जीनची गोष्ट सांगून सगळ्या तंत्राला झोडपताय. बुरशीनाशकं काय अमरपट्टा घेऊन आलीत? स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधं 1996 च्या सुमारास आली तेव्हा केवढा गाजावाजा, आणि बुरशीच्या जीनमधल्या एका अक्षराच्या बदलाने त्यांचा पार बोऱ्या वाजला, स्कॅबमध्ये पण आणि केळीच्या काळ्या सिगाटोका या पानांवरच्या रोगामध्ये पण. तेव्हा कुणी म्हणालं का फवारणीच बंद करा?

एक जीन टिकत नाही म्हणूनच दोन-तीन वेगवेगळे एकत्र घालायचे, आणि ते संकराने करून दाखवा बघू. रोप फळावर यायला पाच ते आठ वर्षं, त्यात जंगली बापाची आंबट बारकी फळं घालवायला परत परत संकर, आणि शेवटी हातात जे येतं ते गाला नसतंच. लॅबमध्ये गाला गालाच राहतो. आणि कॅव्हेंडिश केळीचं काय करणार? बी नाही, जवळजवळ वांझ, संकर कुणाशी लावणार? आधीची ग्रो मिशेल जात पनामा रोगाने गेली म्हणून कॅव्हेंडिश आली, आता तिच्यावर त्याच रोगाच्या बुरशीचा टीआर 4 हा नवा प्रकार आलाय. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी 2024 मध्ये क्यूकॅव्ह-4 या जीएम कॅव्हेंडिशला मंजुरी दिली, तिच्यात घातलाय तो जंगली केळीतलाच आरजीए 2 जीन आहे.

खुंटावरचा डोळा

किती जीन आहेत हो त्यात? एक. आणि ती बनवणारेच म्हणतायत की सध्या विकायचा विचार नाही, अडीनडीला हाताशी असावी म्हणून ठेवलीय. त्यांना आहे तेवढी अक्कल परवाच्या पोस्टवाल्याला असती तर मी एवढं टायपत बसलो नसतो.

मोरचूदवाली

तुमचं जीन-जीन चालू द्या. आमच्या घरी बागेला वडिलांनी आयुष्यभर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारलं, दुसरं काही नाही. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, मग चुन्यात मोरचूद ओतायचं आणि विळ्याचं पातं बुडवून बघायचं, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, पानं जळणार. हे लहानपणी मला जमायचं. बाग अजून उभी आहे. नैसर्गिक उपाय असताना झाडाच्या आत खुडबुड कशाला?

निमूटपणे वाचणारा

ताई, मोरचूद नैसर्गिक? तांबं आहे ते, मातीत साचतं, जात नाही, गांडुळांना विचारा. युरोपियन युनियनने हेक्टरी सात वर्षांत 28 किलोची मर्यादा काय उगीच घातली का? स्कॅबसाठी तिकडे हंगामात 15-20 फवारण्या होतात, सेंद्रिय बागेत पण पंप फिरतोच, फक्त पाटी वेगळी. तुमच्या वडिलांच्या बागेतली माती तपासा एकदा.

मोरचूदवाली

वडिलांवर जायचं काम नाही. माती तपासलीय, तांबं जास्त आलं, मान्य, झालं समाधान? पण ते मोजता तरी येतं. तुमच्या जीनचं उद्या काय झालं तर कुठल्या लॅबमध्ये मोजायला नेऊ?

कलम कुणाचं

सगळे हुशार लोक मुद्द्याचं सोडून बोलताय. रोप येतं कुठून? मी एका रोपवाटिकेतून "रोगप्रतिकारक" म्हणून कलमं आणली, लेबल छापील, पावती पक्की. फळ धरेपर्यंत काही कळत नाही. आणि धरलं तेव्हा जात भलतीच, पानाच्या पाठीवर शेवाळी मखमली डाग, फळाला भेगा. तो माणूस म्हणतो, तुमची काळजी कमी पडली. आता हेच लोक जीएमची कलमं विकणार! वर पेटंट, म्हणजे माझ्याच झाडाची काडी शेजाऱ्याला दिली तर मी चोर.

निमूटपणे वाचणारा

काडी-पेटंटचं रडगाणं जीएमच्या नावाने नको. कलमाने वाढणाऱ्या झाडांना पेटंट द्यायचा कायदा अमेरिकेत 1930 ला झाला, तेव्हा डीएनएची रचना पण कुणाला माहीत नव्हती. आजही क्लब व्हरायटीचं, म्हणजे मालकाने ठरावीक बागायतदारांनाच दिलेल्या जातीचं, सफरचंद करार केल्याशिवाय लावता येत नाही, त्यात जीएमचा संबंध शून्य.

कलम कुणाचं

म्हणजे आधीपासून लुटतायत म्हणून आता गप्प बसू? भारी युक्तिवाद. आणि लेबलचं काय? अमेरिकेतल्या चेस्टनट या जंगली झाडाचं वाचलं नाहीत वाटतं. त्याच्यावर करपा हा बुरशीचा रोग 1904 ला दिसला आणि पुढे अब्जावधी झाडं गेली, त्यासाठी गव्हातला जीन घालून डार्लिंग 58 नावाचं झाड तयार केलं, वर्षानुवर्षं चाचण्या, सरकारकडे परवानगीचा अर्ज, आणि 2023 मध्ये कळलं की चाचणी चालली होती ती झाडं डार्लिंग 58 नाहीतच, डार्लिंग 54 ही दुसरीच आहेत! ज्या संस्थेने पाठिंबा दिला होता तिनेच हात काढून घेतला. शास्त्रज्ञांची अदलाबदल झाली ती "चूक" आणि माझी झाली ती "काळजी कमी पडली".

निमूटपणे वाचणारा

ती घोळाची गोष्ट आहे, तंत्राची नाही.

कलम कुणाचं

मला घोळच विकत मिळतो साहेब, तंत्र नाही मिळत.

खुंटावरचा डोळा

🙏 हे फ्रेम करून लावतो.

तळटीप

मधे नाक खुपसतो. टिकाऊ प्रतिकार नसतोच असं नाही. बार्लीत एमएलओ नावाचा जीन निकामी असला की भुरी लागत नाही, 1979 पासून शेतात आहे आणि अजून टिकलाय. नवीन काही घालायचं नाही, बुरशी ज्याचा फायदा घेते तेच बंद करायचं. द्राक्ष आणि सफरचंदात जीन एडिटिंगने तेच करून बघतायत. मात्र अशी बार्ली रामुलारियासारख्या दुसऱ्या बुरशीला जास्त बळी पडते असंही दिसलंय.

निमूटपणे वाचणारा

घ्या! 1979 पासून.

खुंटावरचा डोळा

भुरीला. स्कॅबला नाही. आणि शेवटचं वाक्य सोयीस्करपणे गिळलंत. बरं, तुमच्यासाठी एवढं लिहून देतो: दोन-तीन जीन एकत्र असतील, खाली पडलेली पानं गोळा होत असतील, कारण पुढच्या वसंतात बीजाणू त्यातूनच उडतात, आणि त्या सुरुवातीच्या दिवसांत दोन-चार फवारण्या चालूच ठेवल्या, तर मी पण लावीन असलं झाड. पंप मात्र भंगारात काढणार नाही.

निमूटपणे वाचणारा

दोन-चार फवारण्या म्हणजे पंधराच्या दोन-चार झाल्या ना? मग मी सकाळपासून दुसरं काय बोंबलतोय?

मोरचूदवाली

त्या दोन-चार कशाच्या करणार? मोरचूदच्याच ना 😄

कलम कुणाचं

पाचवं-सहावं वर्ष लागेपर्यंत फळ दिसत नाही, तोवर लेबल खरं की खोटं हे कोण तपासणार, एवढं कुणीतरी सांगा. जीन दोन घाला नाहीतर दहा.