शब्द हवा: हृदयातलं 'फायब्रोसिस'

तापीकाठ (चोपडा): मामांच्या हृदयाच्या एमआरआय रिपोर्टात 'डिफ्यूज फायब्रोसिस, ईसीव्ही ३१ टक्के' असं आहे. मामी विचारते, "हाई काय शे?" मी 'तंतुमयता' सांगितलं, तर तिला वाटलं तंतुमय पदार्थ खायला सांगितलेत! सोपा शब्द सुचवा.

अमळनेरकर: 'वण' म्हणा.

धुळ्याचे नाना: वण नाही हो ताई. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूपेशी मेल्या की तेवढ्या जागी कोलॅजेन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, भरतं, तो वण. 'डिफ्यूज'मध्ये ते स्नायूंच्या मधल्या फटींतून सगळीकडे पसरतं. मोजणंही वेगळं. माझी हयात पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. मॅसन ट्रायक्रोम या रंगांनी रंगवलेल्या पातळ कापात स्नायू लाल, कोलॅजेन निळं. निळ्याचं क्षेत्रफळ मोजायचं. पण जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा कुठे कुठे घेणार? म्हणून एमआरआय. त्यात इंजेक्शनने देतात ते गॅडोलिनियमचं औषध पेशींत शिरत नाही, बाहेरच्या जागेत राहतं. वण असेल तर निरोगी भागाशेजारी तो उजळ दिसतो. सगळीकडेच सारखं पसरलं असेल तर तुलना कशाशी? मग इंजेक्शनच्या आधी आणि नंतर स्नायूचा आणि रक्ताचा टी-१ (चुंबकीय संकेत पूर्वपदावर यायला लागणारा वेळ) मोजतात, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) धरतात आणि ईसीव्ही काढतात.

तापीकाठ: म्हणजे नाना, ३१ टक्के हृदय कामातून गेलं?

धुळ्याचे नाना: अजिबात नाही! घाबरवू नका मामीला. ईसीव्ही म्हणजे स्नायूत पेशींबाहेरची जागा किती. निरोगी माणसातही ती साधारण २५ टक्के असते. शिवाय सूज असली किंवा अमिलॉइड नावाचं बिघडलेलं प्रथिन साचलं तरी आकडा चढतो. 'तंतू ३१ टक्के' असं लिहिलंत तर ते चूकच.

केळीवाला: आमच्याकडे गवार जून होते, तसं 'हृदय जून झालंय' म्हटलं तर?

धुळ्याचे नाना: कानाला गोड आहे, भाऊ. पण जून गवार पुन्हा कोवळी होत नाही. ही वाढ रक्तदाबाच्या काही औषधांनी थोडी उतरलेली दिसली आहे. मी 'तंतुवाढ' म्हणेन.

अमळनेरकर: 'तंतुवाढ' पटलं. ईसीव्हीला 'पेशींबाहेरची जागा' चालेल. शब्दकोशातलं 'पेशीबाह्य आकारमान' मामीपुढे नको.

तापीकाठ: 'स्नायूत सगळीकडे थोडी तंतुवाढ' असं सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न: पथ्य काय? ते डॉक्टरांनाच विचारते.