डॅशबोर्डच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यात मीटरची भोकं पाडताना

प्रश्न:
जुन्या गाडीसाठी २ मिमी अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा डॅशबोर्ड करायचा आहे. ५२ मिमीची चार मीटर (तेलाचा दाब, तापमान, इंधन, व्होल्ट) आणि ८६ मिमीची दोन (स्पीड, आरपीएम). हातातलं ड्रिल मशीन आणि जिगसॉ आहे. भोक नेमकं केवढं ठेवू? पावडर कोटिंग आधी की नंतर?

प्रतिसाद १:
मीटर हातात आल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका. ‘५२’ हे ढोबळ माप आहे. २ १/१६ इंच म्हणजे ५२.४ मिमी. पुढच्या कड्याच्या मागचा डबा वर्नियरने मोजा आणि त्यात अर्धा मिमी मिळवा. त्याहून ढिलं ठेवलं तर मीटर एका बाजूला सरकतं आणि कड्याखालून फट दिसते.

दोन केंद्रांतलं अंतर डब्यावरून नाही, कड्याच्या व्यासावरून काढा, त्यात आणखी ५ मिमी मिळवा. आधी पुठ्ठ्यात सगळी भोकं कापून तो जागेवर धरा आणि सीटवर बसून बघा. स्टिअरिंगचा रिम नेमका कुठलं मीटर झाकतो ते तेव्हाच कळतं. मागे वायपरची मोटर किंवा हवेचा डक्ट आडवा येतो का, यू-क्लॅम्पचा (मीटर मागून पत्र्याला आवळून धरणारी U आकाराची पट्टी) नट फिरवायला बोटं पोचतात का, तेही पाहा.

पत्र्यावर मास्किंग टेप लावून एकच आडवी रेषा मारा, सगळी केंद्रं तिच्यावरच घ्या. सेंटर पंच मारून ३ मिमीचं भोक पाडा. भोक होलसॉने (ड्रिलला लावायची दातेरी कड्याची गोल करवत) पाडायचं, तिच्या मधोमध पायलट म्हणजे वाट दाखवणारा ड्रिल बिट असतो. ३ मिमीचं भोक आधीच पायलटच्या मापाचं करू नका, पायलट ढिला फिरतो आणि होलसॉ भरकटतो. पत्र्याखाली प्लायवूड ठेवून दोन्ही एकत्र क्लॅम्प करा. पत्रा कापला गेल्यावरही पायलटला धरायला लाकूड उरतं. बाय-मेटल होलसॉ, २०० ते ३०० आरपीएम, रॉकेलचे थेंब, आणि दर थोड्या वेळाने उचलून कीस झाडायचा. वेग वाढवला की अ‍ॅल्युमिनियम दातांत चिकटतं आणि भोक मापाबाहेर जातं. पहिलं भोक टाकाऊ तुकड्यात पाडून मोजाच.

प्रतिसाद २:
८६ साठी फ्लाय कटर (आडव्या दांडीच्या टोकाला एकच पातं असलेलं, गोल कापायचं अवजार) हातातल्या मशीनवर अजिबात लावू नका, तो अडकला तर मनगट पिरगळतो. जिगसॉला बारीक दातांचं मेटल ब्लेड लावून रेषेच्या १ मिमी आतून कापा. जिगसॉच्या तळालाही टेप लावा, नाहीतर पत्र्यावर चरे उठतात. उरलेलं अर्धगोल कानशीने.

प्रश्नकर्ता:
कानशीने भोक लांबट होत नाही का?

प्रतिसाद २:
एकाच जागी घासलं तर होतं. कानस पुढे ढकलताना कडेकडेनेही सरकवत न्या, चार-पाच फटके झाले की पत्रा पाव फेरा फिरवा. रेषेला टेकलात की मीटर घालून बघा. अडेल त्या जागी मार्करची खूण करून फक्त तेवढंच घासा.

प्रतिसाद ३:
कोटिंग सगळ्यात शेवटी. थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा, दोन्ही बाजू धरून व्यास ०.१२ ते ०.२ मिमी कमी होतो. भोक घट्ट ठेवलं असेल तर मीटर बसवताना कडेचा थर सोलून निघतो. बर (कापल्यावर कडेला उरलेली खरखरीत धार) आधी नीट काढा, धारदार कडेवर पावडर पातळ बसते. आणि रंगलेल्या पत्र्यातून अर्थिंग मिळेल असं धरू नका, प्रत्येक मीटरला अर्थची वेगळी वायर द्या. यू-क्लॅम्पचा नट हातानेच आवळा. पान्याने ताणला तर प्लास्टिकचा डबा तडकतो.